सावित्रीमाईंच्या बाई

३ जानेवारीला लांज्याजवळच्या आमच्या बौद्धवाडीत सावित्रीमाईंच्या जयंतीचा कार्यक्रम होतो. मोठा काही नसतो. विहारात प्रतिमेला हार, त्रिशरण-पंचशील, मुलांची भाषणे आणि शेवटी चहा-बिस्किटे. चाकरमानी मुंबईला परतलेले असतात. त्यामुळे समोर बसणारी माणसे म्हणजे वाडीतली म्हातारी मंडळी, आया आणि शाळकरी पोरे. मागच्या जयंतीला सहावीतल्या एका मुलीने पाठ केलेले भाषण खणखणीत आवाजात म्हटले. त्यात दरवर्षीचे वाक्य होतेच, की सावित्रीमाई या देशाच्या पहिल्या शिक्षिका होत. खाली सतरंजीवर बसलेल्या एका लहान पोराने मध्येच विचारले, “मग तिला कोनी शिकवलान?”

सगळे हसले. आमचे गुरुजी मात्र हसले नाहीत. हे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नोकरीत असल्यापासून ते दर रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेतात. मानधन नाही, कुणाची नेमणूक नाही. पेटी वाजवणे, पाढे घेणे, धम्मपालन गाथा शिकवणे, दहावीच्या पोरांची गणिते सोडवून देणे आणि सतरंजी झटकणे ही सर्व कामे त्यांचीच. त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावले आणि सांगितले, “आधी जोतीबांनी शिकवलं. मग नगरच्या फरारबाईंनी आणि पुण्याच्या मिचेलबाईंनी.”

‘फरार’ म्हटल्यावर पोरे पुन्हा हसली. फरार म्हणजे पोलीस शोधतात तो! गुरुजी म्हणाले, “बरोबर आहे रे. आपल्या आठवणीतून त्या फरारच आहेत.”

वाचकहो, त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपण जयंत्या करतो, पुण्यतिथ्या करतो. गुरूंचा गुरू कोण हे विचारायची आपल्याला सवय आहे. बाबासाहेबांचे तीन गुरू आपल्या लहान मुलांनाही पाठ असतात. केळूसकर गुरुजींनी दिलेल्या बुद्धचरित्राची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मग ज्या माऊलीने आपल्या आयाबहिणींच्या हाती पाटी दिली, तिच्या हाती पाटी देणाऱ्या बाईचे नाव आपल्या व्याख्यानात एका ओळीपलीकडे का जात नाही? ती गोरी होती म्हणून? चर्चची होती म्हणून? की तिचे नाव घेतले तर सावित्रीमाईंचे मोठेपण कमी होईल अशी भीती आपल्याला वाटते म्हणून? मला वाटते, तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या आहेत. म्हणून आज तिच्याविषयीच लिहायचे ठरवले.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ चा, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो गावचा. तिकडे त्या शिक्षिकाच होत्या. बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेची माणसे १८१३ पासून मुंबईत होती आणि १८२४ मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. शाळा निघाली, पण बघणार कोण? मिशनऱ्यांच्या बायकांना संसार होता, लेकरे होती, आजारपणे होती. शाळेचेच काम करील अशी शिक्षिका पाहिजे होती. अशा कामासाठी अविवाहित बाईला एकटी समुद्रापार पाठवायचे म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतल्या धार्मिक मंडळींच्याही कपाळावर आठ्या होत्या. बाईमाणूस एकटे कुठे जाते, हा प्रश्न काही फक्त आपल्याकडच्या पंचांचा नाही! फरारबाई जून १८२७ मध्ये बोस्टनहून जहाजाने निघाल्या आणि त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर मुंबईला पोचल्या. तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, कलकत्त्यावरून मुंबई, असा सहा महिन्यांचा प्रवास.

अमेरिकेतून परदेशी मिशनवर गेलेली पहिली अविवाहित स्त्री म्हणून फरारबाईंचे नाव घेतले जाते. येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. त्यांच्याही आधी, १८२३ साली, याच बोर्डाच्या तुकडीबरोबर बेट्सी स्टॉकटन नावाची एक अविवाहित बाई हवाई बेटांवर पोचली होती. ती काळी होती. गुलामीत जन्मलेली आणि नंतर मुक्त झालेली. तिने तेथे राजेरजवाड्यांच्या नव्हे तर सामान्य रयतेच्या मुलांसाठी शाळा चालवली. परत आल्यावर फिलाडेल्फिया आणि प्रिन्स्टनमध्ये काळ्या मुलांना शिकवण्यात तिने आयुष्य घालवले. ‘पहिली’ कोण हे मोजताना ती पुष्कळदा गळते. गळण्याचे कारण आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मुंबईत फरारबाईंना काय दिसले? शाळेत मुली होत्या, पण शिकवायला बाई एकही नव्हती. शिकवणारे पुरुष, काही ब्राह्मण पंतोजी, काही आपल्या कोकणातलेच बेने इस्रायली. मुली सहा-सात वर्षांच्या आणि लग्न ठरले की गायब. आईबाप विचारायचे, पोरीला अक्षर आले तर तिला नोकरी लागणार आहे का? वाचन, लेखन, हिशेब, शिवण आणि बायबल असा त्या शाळांचा अभ्यासक्रम असे. बाई मराठी शिकल्या, घरोघर फिरल्या, मुंबईतल्या इंग्रज मंडळींकडून वर्गणी गोळा केली आणि शाळांतून मुलींची संख्या शेकड्यांवर नेली. प्रकृती ढासळली म्हणून त्या १८३७ मध्ये मायदेशी गेल्या. तिथे राहिल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या आणि अहमदनगरला (आता त्याचे नाव अहिल्यानगर) जाऊन राहिल्या. २५ जानेवारी १८६२ रोजी तेथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. म्हणजे जवळजवळ अर्धे आयुष्य त्यांनी मराठी मुलींमध्ये काढले. मिशनच्या कागदोपत्री मात्र बायकांची नोंद ‘सहायक मिशनरी’ अशी असे. शाळा उभी करणारी बाई सहायक, आणि प्रवचन देणारा पुरुष मुख्य. हे वाचताना आपल्याच संस्था-समित्यांच्या लेटरहेडवरील नावे डोळ्यांसमोर येतात, पण तो विषय वेगळा.

१८४८ साल. पुण्याचा एक एकवीस वर्षांचा तरुण, सदाशिव गोवंडे या मित्रासोबत नगरला गेला आणि त्याने फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीतून अपमान करून हाकलला गेलेला हाच तो तरुण. त्याने नगरच्या शाळेत मुलींना वाचताना पाहिले. मुली वाचू शकतात, त्यांचे डोळे फुटत नाहीत, त्यांच्या नवऱ्याच्या ताटात अक्षरांच्या अळ्या होत नाहीत, हे त्याला डोळ्यांनी दिसले. तेव्हाचा समाज असलेच काहीतरी सांगत होता ना! परत आल्यावर त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. पुढे १८५३ साली ‘ज्ञानोदय’ने जोतीरावांचे निवेदन छापले. आईमुळे मुलात जी सुधारणा होते ती फार मोलाची, म्हणून देशाचे हित चिंतणाऱ्याने आधी स्त्रियांना ज्ञान द्यावे, या विचाराने आपण पहिली शाळा मुलींची काढली, असा त्याचा आशय. जातभाईंना ते रुचले नाही आणि वडिलांनी घराबाहेर काढले, हेही त्यांनी त्यात सांगितले आहे.

हे ‘ज्ञानोदय’ नियतकालिक कुणाचे, तर नगरच्या अमेरिकन मिशनचे. १८४२ मध्ये ते नगरलाच निघाले. फरारबाईंच्या गावातले.

मग शाळेला शिक्षिका पाहिजे. सावित्रीमाईंना जोतीरावांनी घरी शिकवलेच होते. सोबत सगुणाबाई क्षीरसागर होत्या. त्या एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळत आणि तिथेच त्यांच्या कानावर इंग्रजी पडले. पण घरी अक्षर येणे निराळे आणि पन्नास मुलांपुढे उभे राहून शिकवणे निराळे. जो वर्गावर उभा राहिला आहे त्यालाच हे कळेल. वर्ग कसा बसवायचा, एका मुलीला पुस्तक वाचायला लावून दुसरीला पाटीवर कसे गुंतवायचे, न मारता शिस्त कशी आणायची, हे शिकावे लागते. फुले चरित्रकारांनी नोंदवले आहे की हे शिक्षण सावित्रीमाईंनी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले. आजच्या भाषेत डी.एड. म्हणा. भारतातील पहिल्या प्रशिक्षित शिक्षिका असे जे आपण सावित्रीमाईंना म्हणतो, त्यातला ‘प्रशिक्षित’ हा शब्द या दोन बायांकडून आला आहे.

येथे रत्नागिरी जिल्ह्याच्या वाचकाने जरा थांबावे. पुण्याच्या मिचेलबाई कोण? स्कॉटिश मिशनच्या जेम्स मिचेल यांच्या पत्नी. आणि हे स्कॉटिश मिशन महाराष्ट्रात प्रथम कुठे उतरले? पुण्याला नाही, मुंबईलाही नाही. १८२३ साली ते आपल्या जिल्ह्यात, बाणकोटला उतरले. मग हर्णैला. जेम्स मिचेल हे बाणकोटच्या त्या पहिल्या वर्षांतलेच. तेथून ते पुढे पुण्याला गेले आणि ज्या मिशन शाळेत १८४१ नंतर जोतीराव शिकले ती शाळा याच मिशनची. बाणकोट कुठे आहे? मंडणगड तालुक्यात. बाबासाहेबांचे आंबडवे गावही मंडणगड तालुक्यातच. आणि बाणकोट ज्या नदीच्या मुखाशी वसले आहे तिचे नाव सावित्री. तीच नदी वर महाडवरून येते. योगायोगाला काही अर्थ चिकटवू नये हे आपण शिकलो आहोत, पण आमच्या गुरुजींनी पोरांना हे नकाशावर बोट ठेवून दाखवले तेव्हा मलाही गंमत वाटली.

आता आक्षेपांकडे वळू. कारण फरारबाईंचे नाव उच्चारले की दोन बाजूंनी दगड येतात.

पहिला दगड प्रस्थापितांचा. ते म्हणतात, पहा, म्हणजे फुल्यांनी केले ते मिशनऱ्यांनी करून घेतले. पोटात धर्मांतर होते. हा आरोप जोतीरावांच्या हयातीतच झाला होता आणि आजही तो नवे कपडे घालून येतो. उत्तर सोपे आहे. मिशनऱ्यांच्या पोटात धर्मांतर होतेच. त्यांनी ते कधी लपवले नाही. फरारबाईंच्या शाळेत बायबल होते कारण त्यांच्या दृष्टीने मुलीला अक्षर द्यायचे ते शेवटी बायबल वाचता यावे म्हणून. हा त्यांचा हेतू झाला. पण अक्षर एकदा हाताला लागले की ते कुणाच्या हेतूला बांधील राहत नाही. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. सावित्रीमाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी शाळेची पद्धत घेतली, टेबल-खुर्ची घेतली, माणसे सारखी आहेत हा विचार घेतला, आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्वतःचा काढला. जो पुरोहित मध्ये नको म्हणत होता त्याला पाद्री तरी मध्ये कशाला हवा असेल? ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे शाळेचे दार बंद ठेवले, त्यांनी दार उघडणाऱ्याच्या हेतूची चौकशी करावी, हा मोठा विनोद आहे.

दुसरा दगड आपल्यातलाच आणि म्हणून जास्त लागतो. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, फरारबाईंची शाळा आधी होती असे सांगितले तर ‘देशातील पहिली मुलींची शाळा’ हा आपला दावा जातो. मला हे पटत नाही. १८२४ ची मुंबईची शाळा कागदोपत्री आहे. ती आपण लपवली तर उद्या विरोधक ती काढून आपल्या तोंडावर मारतील, आणि आपला पोरगा व्यासपीठावर गप्प होईल. त्यापेक्षा आपणच सांगावे की मिशनने आधी शाळा काढल्या, आणि मग विचारावे की या देशातल्या माणसाने, स्वतःच्या हिमतीवर, कुठल्याही परदेशी बोर्डाच्या पगाराशिवाय, पेशव्यांच्या पुण्यात, देशी बाईला शिक्षिका करून मुलींची शाळा कोणी काढली? या प्रश्नाला एकच उत्तर आहे. फरारबाईंच्या अंगावर शेण पडले तर तक्रार करायला मिशनचे बंगले होते, कलेक्टर होता. सावित्रीमाईंना सासऱ्याचे घर सोडावे लागले, उस्मान शेखांच्या घरी राहावे लागले, शाळेत जाताना दुसरे लुगडे सोबत न्यावे लागले. आपला दावा जितका नेमका तितका तो बळकट.

नेमकेपणाची गरज किती आहे हे जानेवारी २०२५ मध्ये दिसले. फातिमा शेख ही बाईच मी बनवली, ती कधी नव्हतीच, असे एका प्रसिद्ध पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले आणि देशभर गोंधळ उडाला. कित्येक आपलेही लोक चपापले. वास्तविक १० ऑक्टोबर १८५६ चे सावित्रीमाईंचे नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र आहे. आजारी पडून त्या माहेरी गेल्या होत्या. मागे शाळेचा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे त्यांनी त्यात लिहिले आहे. आपल्या सोबतिणीची एवढी काळजी करणारी ओळ असताना आपल्याला उत्तर द्यायला दोन दिवस लागावेत? कारण आपण घोषणा पाठ केल्या होत्या, पत्र वाचले नव्हते. फातिमा शेख, सगुणाबाई, फरारबाई, मिचेलबाई ही सगळी नावे एका घोषणेत कोंबून आपण मोकळे होतो. मग एक नाव कुणी ओढले की सगळी माळ हलते.

आणि या माळेत पुढचे नाव कुणाचे? मुक्ता साळवेचे. मांगवाड्यातली चौदा वर्षांची मुलगी. फुल्यांच्या शाळेत तीनच वर्षे शिकलेली. तिने ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ निबंध लिहिला आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने तो फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांतून दोन भागांत छापला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कुठला, असा रोकडा प्रश्न तिने त्यात टाकला. नगरला फरारबाई तेव्हा साठीच्या होत्या. त्यांच्या मिशनच्याच छापखान्यातून एक अस्पृश्य मुलगी बोलत होती. शंभर वर्षांनी नागपूरला त्या प्रश्नाचे उत्तर दिले गेले. फरारबाईंनी मुक्ताचे ते पान वाचले असेल तर एक शिक्षिका म्हणून त्यांना काय वाटले असेल याची मला फार उत्सुकता आहे. शिष्येच्या शिष्येचे अक्षर! शिक्षकाला निवृत्तिवेतनापेक्षा गोड असे काही असेल तर ते हेच.

पण कृतज्ञता म्हणजे आंधळेपणा नव्हे, आणि हे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले. मिशनऱ्यांच्या कामावर त्यांनी सविस्तर लिहिले आहे. त्यांच्या इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात ते आहे. मिशनऱ्यांची सेवा त्यांनी नाकारली नाही. पण वरच्या जातींना आधी शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या भरवशावर मिशनऱ्यांनी आपला पैसा आणि वेळ ज्यांना गरज नव्हती त्यांच्यावर घालवला, आणि धर्म बदलला तरी चर्चमध्ये जात शिल्लक राहिली, हे त्यांनी स्पष्ट बजावले. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सरकारला नेमके हेच सुनावले होते. झिरपण्याची वाट पाहू नका, शेतकऱ्याच्या आणि महार-मांगाच्या पोराला प्राथमिक शाळा द्या. त्याच अमेरिकन बोर्डाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गुलामगिरीविरुद्ध ते ठाम भूमिका घेत नाही, म्हणून १८४६ मध्ये अमेरिकेतल्या गुलामीविरोधी ख्रिस्ती लोकांनी वेगळी संस्था काढली. म्हणजे नगरच्या मुलींना वाचायला शिकवणारी संस्था मायदेशात काळ्या माणसांच्या बेड्यांबद्दल गुळमुळीत बोलत होती. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती कुठल्या मिशनला नाही, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. कुणाला मान द्यायचा आणि कशासाठी, हे त्यांना पक्के माहीत होते. फरारबाई त्या देशातली मुक्ती पाहायला जगल्या नाहीत. त्यांचे निधन झाले तेव्हा तिकडे यादवी युद्ध चालू होते आणि लिंकनच्या जाहीरनाम्याला अजून वर्ष होते.

एवढे सगळे लिहून झाल्यावर मनात उरते ती मात्र संस्था नाही, ती बाईच. कारण संस्थांच्या भूमिका ठराव करून बदलतात. रोज सकाळी वर्ग भरवणारा माणूस ठराव करत नाही. तो फळा पुसतो. बत्तिसाव्या वर्षी ओळखीचे सगळे सोडून आलेली, परक्या भाषेत बाराखडी गिरवलेली, आजारी होऊन गेलेली आणि तरी परत आलेली ही बाई. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली दहाव्या-अकराव्या वर्षी सासरी गेल्या आणि पुन्हा कधी पाटी धरली नसेल. वर्षानुवर्षे तिला वाटले असेल की हे सगळे पाण्यात चालले आहे. एके दिवशी पुण्याहून दोन तरुण शाळा बघायला आले. त्या भेटीतून काय होणार आहे हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आमचे रविवारचे गुरुजी याच जातीचे आहेत. (जात हा शब्द इथे मी चुकून वापरलेला नाही. शिक्षकाची तेवढी एकच जात मला मान्य आहे.) विहारात रविवारी मुले जमवायची ही पद्धत चर्चच्या ‘संडे स्कूल’सारखी आहे, असे कुणी तरी त्यांना टोचून म्हणाले. ते म्हणाले, “असू दे. त्यांच्याकडून फळा घेतला, आता रविवारही घेतला.” त्यांच्या वर्गात आता नऊ मुले उरली आहेत. पूर्वी तीस असत. लांजा तालुक्यात डोंगराच्या कुशीत एकेक वाडी, दोन वाड्यांमध्ये वहाळ, पावसाळ्यात रस्ता नाही. वाडीतल्या शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शाळा दुसरीकडे जोडण्याची चर्चा सुरू होते. २०२३ मध्ये सरकारने अशा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले तेव्हा कोकणातल्या पालकांच्या पोटात गोळा आला. मुलगा चार किलोमीटर चालेल, नाहीतर मामाकडे राहील. मुलीला कोण पाठवणार? १८२७ मध्ये मुंबईतले आईबाप जे विचारत होते ते आमच्या वाडीत दोनशे वर्षांनी वेगळ्या शब्दांत विचारले जाईल. पुण्यात भिडेवाड्याची मोडकी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये उतरवली आणि तेथे राष्ट्रीय स्मारकाची जागा मोकळी झाली, त्याचा आनंद आहेच. पण पहिल्या शाळेचे स्मारक उभे राहत असताना शेवटच्या वाडीतली शाळा बंद होता कामा नये, एवढे मागणे मागायला सावित्रीमाईंच्या लेकरांना हक्क आहे. त्यासाठी ग्रामसभेत ठराव घ्या, पंचायत समितीला निवेदने द्या. आमच्या वाडीने दिले आहे. पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे.

तूर्त गुरुजींनी एक गोष्ट ठरवली आहे. २५ जानेवारी हा फरारबाईंचा स्मृतिदिन. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन असल्याने मुले तशीही तालमीला विहारात येतातच. त्या संध्याकाळी प्रतिमा मिळाली तर प्रतिमा, नाहीतर नुसता फळ्यावर नाव. भाषण कोण करणार, तर तोच सतरंजीवरचा पोरगा. गुरुजींनी त्याला वहीचे एक पान लिहून दिले आहे. तो ते पाठ करतो आहे आणि ‘न्यू हॅम्पशायर’ला रोज अडतो आहे.